एनआयओएसमधून दहावी-बारावी घरूनच, मुलगी कॉलेजला लागली, आता सविस्तर अनुभव लिहिते

गेल्या दोन महिन्यांत चार-पाच जणींनी विचारलं की मुलीला आठवीनंतर शाळेतून काढलंत, मग पुढे दहावी, बारावी, कॉलेज कसं जमवलंत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. लेकीची दहावी २०२२ ला एप्रिल आणि ऑक्टोबर अशी दोन टप्प्यांत झाली, बारावी २०२४ ला तशीच दोन टप्प्यांत. बारावीचं अ‍ॅडमिशन घेतल्यापासून शेवटच्या निकालापर्यंत साधारण १९ महिने गेले, आणि खरा कस लागला तो याच काळात, त्यामुळे जास्त त्याबद्दलच लिहितेय.

आधी सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून स्टेट बोर्डाची परीक्षा द्यायचा, तो भरावा असं घरात चाललं होतं. सासरे म्हणाले की तो फॉर्म नापास झालेली पोरं भरतात, लोक काय म्हणतील. मला लोकांचं काही नव्हतं, पण स्टेट बोर्डाला सगळे विषय एका दमात द्यायचे हे आम्हाला नको होतं. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, केंद्र सरकारचंच बोर्ड आहे, १९८९ पासून चालू आहे. दहावीला वय १४ पूर्ण लागतं, पाच विषय, त्यात एक तरी भाषा, आणि वर्षातून दोनदा परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि पास झालेला विषय खात्यात जमा राहतो. हे ऐकून सासऱ्यांचा चेहरा जरा सैल झाला. मराठी दहावीला घेता येतं, तिने घेतलं.

आता आवडलेली गोष्ट, आणि ही एकच इतकी मोठी आहे की बाकी सगळा त्रास मी त्यापुढे मान्य करते. विषय वाटून देता येतात. बारावीला एप्रिलमध्ये इंग्लिश आणि बायोलॉजी दिलं, ऑक्टोबरला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. मधल्या पावसाळ्यात तिला रोज सकाळी वेताळ टेकडीवर जायला मिळालं, तिने एका जाड वहीत झाडांच्या नोंदी ठेवल्या, कुठल्या वाटेला मेडशिंगीला शेंगा आल्यात, सालईची साल कशी कागदासारखी निघते, गिरिपुष्प कुठपर्यंत पसरलंय. आजूबाजूच्या पोरी तेव्हा सकाळी सहाला क्लासला जात होत्या. मला भीती वाटायची की आपण तिचं नुकसान करतोय का, खरंच सांगते, रात्री झोप लागायची नाही. पण बायोलॉजीत वनस्पतींचे धडे तिने ज्या वेगाने संपवले ते मी डोळ्यांनी पाहिलं.

एक नियम नीट समजून घ्या, आम्हाला उशिरा कळला. दहावी पास झाल्यावर बारावीचे पाचही विषय पूर्ण व्हायला मध्ये दोन वर्षांचं अंतर लागतं. एका वर्षाने जास्तीत जास्त चार विषय देता येतात, सर्टिफिकेट दोन वर्षांनीच. हुशार मूल आहे, एका वर्षात बारावी उरकू, असं कोणी ठरवत असेल तर ते होत नाही.

पुस्तकं पोस्टाने घरी येतात, वेबसाइटवर पीडीएफही आहेत. भाषा सोपी आहे, धड्यातच मध्ये मध्ये प्रश्न आणि धड्याच्या शेवटी उत्तरं, एकट्याने शिकणाऱ्याला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली आहेत. बायोलॉजी आणि इंग्लिश त्यावरच झालं. फिजिक्सला मात्र गणितं कमी पडली, ती आम्ही अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून एनसीईआरटी आणि दोन सरावाची पुस्तकं आणून भरून काढली. मॅथ्सला आठवड्यातून दोन दिवस एका सरांकडे जायची.

आता त्रासाचं. अ‍ॅडमिशन घेताना अभ्यास केंद्र निवडायचं असतं, आम्ही घराजवळचं म्हणून निवडलं, तिथे जाऊन बघितलं नाही, ही आमची चूक. केंद्राने शनिवार-रविवारचे वर्ग घ्यायचे असतात, आमच्या केंद्रावर वर्षभरात दोनदाच ठरले आणि दुसऱ्यांदा आम्ही गेलो तर कुलूप. फोन उचलत नव्हते. टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायचे असाइनमेंट, त्याला वीस टक्के वजन आहे, ते हाताने लिहून स्कॅन करून अपलोड करायचे. आम्ही शेवटच्या संध्याकाळी बसलो, फाइल मोठी झाली, जाईचना, रात्री साडेअकराला नवऱ्याने पानं परत बारीक साइझमध्ये स्कॅन केली तेव्हा गेली. महिनाभर आधी टाका आणि टाकल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. आमच्या एका विषयाचे मार्क आधी दिसलेच नव्हते, तो स्क्रीनशॉट दाखवल्यावर दिसायला लागले.

सगळ्यात जास्त घाबरवलं प्रॅक्टिकलने. घरात लॅब नाही, केंद्रावर लॅब होती पण उघडायचे नाहीत. शेवटी एका ओळखीच्या क्लासवाल्यांनी शनिवारी दोन तास त्यांची लॅब वापरू दिली, पैसे घेतले पण दिली. पहिल्याच दिवशी टायट्रेशन. फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, वरून ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड, तिचा डावा हात ब्युरेटच्या नळावर आणि उजव्या हाताने फ्लास्क फिरवतेय. तिसऱ्या खेपेलाही एकदम गडद गुलाबी झालं, एंड पॉइंट, म्हणजे रंग बदलायचा नेमका क्षण, हुकला. डोळ्यात पाणी आलं तिच्या. तिथले लॅब असिस्टंट काका होते, त्यांनी फ्लास्कखाली पांढरा कागद सरकवला आणि म्हणाले, "बाळा, शेवटचा एक मिली थेंब थेंब सोड, घाई करू नको, फिक्का रंग आला आणि फिरवल्यावर टिकला की थांब." पुढच्या खेपेला फिक्का गुलाबी आला तसा तिने नळ बंद केला आणि मान वर करून आधी काकांकडे पाहिलं. शाळेत जाणाऱ्या मुलांना हे आयतं मिळतं, आपल्याला ते शोधावं लागतं, बाकी कशात काटकसर करा पण लॅबचे तास आधी शोधून ठेवा.

दुसरं म्हणजे तीन तास सलग लिहायची सवय. घरी शिकणारी मुलं बोलून छान सांगतात, पण लिहीत नाहीत. पहिला सराव पेपर घेतला तेव्हा पावणेदोन तासांनी तिच्या अंगठ्याला गोळा आला आणि पेन खाली ठेवलं. आणि एनआयओएसचा पेपर बहुतेक दुपारी अडीच ते साडेपाच असतो, म्हणजे जेवून झोप यायच्या वेळेला. मग ऑगस्टपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी अडीचला डायनिंग टेबलवर पेपर, घड्याळ समोर, फोन माझ्याकडे, दारावरची बेल वाजली तरी उठायचं नाही. सहा आठवड्यांनी हात बसला.

कॉलेजचं सांगते. जेईईच्या माहितीपत्रकात एनआयओएसची बारावी किमान पाच विषयांसह चालते असं स्पष्ट आहे. नीटला मुक्त विद्यालयाची बारावी चालते की नाही याचा खूप वर्षं घोळ होता, २०२४ ला सुप्रीम कोर्टात तोही मिटला. आमच्या लेकीने आयसर या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, आयएटी, दिली, साठ प्रश्न, बायो-केमिस्ट्री-मॅथ्स-फिजिक्स प्रत्येकी पंधरा, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग. नंबर लागला नाही. दोन दिवस गप्प होती, मग स्वतःहून बीएस्सीचे फॉर्म भरायला घेतले. ऑक्टोबरचा निकाल डिसेंबरअखेर आल्यामुळे जानेवारी ते मे तिला निव्वळ या तयारीला मिळाले, पण ती तयारी अकरावीपासून हवी होती असं मला आता वाटतं. एमसीक्यूचा वेग एकट्याने घरी बसून येत नाही, दुसरी मुलं किती सोडवतात ते दिसावं लागतं.

अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर मला विचारलं, "मॅडम, एलसी कुठाय?" मी म्हटलं आठवीचा शाळा सोडल्याचा दाखला आहे, पुढे शाळा नाही. त्यांना कळेना. एनआयओएस मार्कलिस्टबरोबर मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट देतं, तेच दाखला म्हणून चालतं, हे मला माहीत होतं म्हणून मी तिथून हलले नाही, पण त्यासाठी तीन खेपा झाल्या आणि शेवटी आतल्या हेडक्लार्क ताईंनी कागद वाचून सही केली. त्या म्हणाल्या, "अशी मुलं वर्षाला एखाद-दुसरीच येतात ना, बाहेरच्यांना माहीत नसतं." आठवीचा दाखला, दहावीच्या मार्कलिस्ट, हॉल तिकिटं, फी पावत्या हे सगळं एका फाइलमध्ये आठवीपासून ठेवलं होतं, त्या फाइलनेच काम झालं.

आणि ती टेकडीची वही. एका खाजगी विद्यापीठाच्या फॉर्मला स्वतः काय केलं ते लिहायचं होतं, तिने त्या वहीतूनच लिहिलं, तिथेही बोलावणं आलं होतं, फी परवडली नाही म्हणून पुण्यातच बॉटनी घेतलंय.

धाकटा सातवीत आहे. त्याला शाळा आवडते, मित्र आवडतात, घरी शिकायचं नाही म्हणतो. त्याला नाही काढणार.