घाणा होता, पेंड नव्हती: खोबरेलच्या चार डब्यांत गेलेले १३,८०० रुपये

फणसाचे गरे खोबरेलातच तळायचे आणि पाकिटावर तसं छापूनच विकायचे, हा आमच्या बचत गटाचा पहिल्यापासूनचा नेम. म्हणून हे लिहिताना लाज वाटते. नारळाच्या गावात राहणाऱ्या, दर उन्हाळ्यात वाट्या सुकवून घाण्यावर नेणाऱ्या बायका आम्ही, आणि खोबरेलातच फसलो. १५ लिटरचे चार डबे, एकेक ३,४५० रुपयांना, एकूण १३,८०० रुपये. मुंबई-गोवा महामार्गालगत दुकान, दारात लाकडी घाणा आणि वर ‘शुद्ध घाण्याचे खोबरेल’ अशी पाटी. फणस ऐन भरात होते, ऑर्डरी घेऊन बसलो होतो आणि तळणाला पुरेल इतकं घरचं तेल उरलं नव्हतं. घाई होती ती एवढ्यासाठी.

डोळे मिटून घेतलं असं कुणी म्हणू नये. दुकानदाराने २०० मिलीची नमुना बाटली दिली होती. ती रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली, सकाळी तेल पांढरंशुभ्र गोठलेलं. वासही चोख. मग डबे आणले. नमुन्यातलं तेल खरं होतं, डब्यातलं दुसरंच होतं. विकणाऱ्याने हातात दिलेला नमुना तपासण्यात काही अर्थ नाही. जो डबा घ्यायचा तोच समोर फोडायला लावा.

पण आतून जळतं ते वेगळ्याच गोष्टीने. दुकानात आमच्या समोर २२ डबे रचलेले होते. एका डब्यात पावणेचौदा किलो तेल धरलं तरी ते ३०० किलो झालं. किलोभर तेलाला चांगल्या सुक्या वाट्या साधारण १ किलो ६५० ग्रॅम लागतात. म्हणजे जवळजवळ ५०० किलो खोबरं तिथे दळलं गेलं असणार आणि त्याची दोनेकशे किलो पेंड, म्हणजे तेल काढल्यावर उरलेला चोथा, कुठेतरी पडली असणार. पेंडीचं एक पोतं तिथे नव्हतं. घाण्याच्या उखळात बोट फिरवलं असतं तर कोरडंच लागलं असतं. मोटरवरच्या लाकडी घाण्यात एका वेळी पंधरा-वीस किलो खोबरं बसतं आणि एका घाण्याला तास-दीड तास जातो. चालत्या घाण्यापाशी मुंग्या असतात, जमीन तेलकट असते, गाळ बसायला ठेवलेली पिंपं असतात, पेंड न्यायला गुरंवाले आलेले असतात. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. तरी आम्ही पाच जणी तिथे वीस मिनिटं उभ्या होतो आणि एकीच्याही तोंडून ‘पेंड कुठे आहे?’ एवढा प्रश्न निघाला नाही.

भावाचा हिशोब तर बोटांवर होण्यासारखा. त्या आठवड्यात आमच्याकडे वाटी खोबरं १९० रुपये किलो होतं. डब्यातल्या तेलाला साडेबावीस किलो खोबरं म्हणजे ४,२७५ रुपये. पेंडीचे तीनशे वजा करा आणि दळणावळ, डबा, त्याचा नफा सोडून द्या, तरी ३,४५० ला डबा निघूच शकत नाही. ‘मध्ये दलाल नाही म्हणून स्वस्त’ असं तो म्हणाला आणि ते आम्हाला पटलं. खोबऱ्याचा त्या दिवशीचा भाव विचारल्याशिवाय तेलाचा भाव मान्य करू नका. त्याला लागणाऱ्या खोबऱ्याहून स्वस्त खोबरेल कुणीच देऊ शकत नाही.

शिवाय ‘पंधराचा डबा’ म्हटलं की आपण किलो समजतो. तिथे बारीक अक्षरात लिटर लिहिलेलं होतं. लिटरभर खोबरेल सुमारे ९१५ ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटर पावणेचौदा किलोच. हिशोब किलोवर करा आणि डबा काट्यावर ठेवूनच घ्या.

पहिला डबा कढईत ओतला तेव्हा तरी कळायला हवं होतं. गरे तळताना मिठाचं पाणी शिंपडलं की फेस येतो, पण खोबरेलात तो तडतडून लगेच बसतो. हा फेस बारीक, साबणासारखा, कढईच्या काठावर चढणारा आणि आच कमी केली तरी न मोडणारा. खोबरेलात पामोलिनसारखं (पामच्या फळाचं पातळ तेल) दुसऱ्या जातीचं तेल मिसळून तळलं की नेमका असाच फेस येतो. तळणाचं काम करणाऱ्यांना हे माहीत असतं, आम्हालाही होतं. पण आम्ही मिठाच्या पाण्याला दोष दिला, मग फणस कोवळा म्हणून फणसाला दिला, आणि १८ किलो गरे तळून मोकळ्या झालो. ७०० रुपये किलोचे ते गरे, म्हणजे १२,६०० रुपयांचा माल. पाकिटावर खोबरेल छापलेलं असताना तो विकायला मन धजेना. बाजूला काढला.

फ्रीजच्या परीक्षेबद्दल स्पष्ट सांगते, कारण सगळे तीच सांगतात. फ्रीज फार थंड असतो, तिथे पामोलिनही गढूळ होऊन घट्ट होतं आणि भेसळीचं तेल पास होतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, म्हणून परीक्षा १८ ते २० अंशांवर घ्यायची. पातेल्यात पाणी घ्या, बर्फ घालत थर्मामीटरवर तापमान राखा, त्यात दोन काचेचे पेले ठेवा. एकात खात्रीचं घरचं तेल, दुसऱ्यात विकतचं, तीन तास. आमचं घरचं आणि तो नमुना दोन्ही घट्ट बसले. डब्यातलं मऊ लापशीसारखं राहिलं आणि वर पिवळट तेल तरंगलं. पाम कर्नेल तेल, म्हणजे पामच्या बीचं तेल, मात्र खोबरेलासारखंच गोठतं, ते यात सापडत नाही. त्याला प्रयोगशाळाच.

प्रयोगशाळेचे २,४०० रुपये भरले. खोबरेलाचं आयोडीन मूल्य (तेलाची जात ओळखण्याचा एक आकडा) ७.५ ते १० च्या मध्ये हवं, आमचं आलं २४.६. साबणीकरण मूल्य (तसाच दुसरा आकडा) किमान २५० हवं, आलं २३८. पामोलिनचं आयोडीन मूल्य ५८ च्या जवळ असतं, त्यावरून हिशोब केला तर साधारण एक तृतीयांश पामोलिन. डबे, गरे आणि तपासणी मिळून एकूण खड्डा २८,८०० रुपयांचा.

हा कागद घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रारीला गेलो. तिथे पहिलं वाक्य ऐकलं ते असं, ‘खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगायला हवं होतं की हे तपासायला देणार आहोत.’ कायद्यात तसं खरंच आहे. अन्न सुरक्षा कायदा २००६, कलम ४०. ग्राहकाला माल तपासून घेण्याचा हक्क आहे, पण तो इरादा विकणाऱ्याला घेतानाच कळवायचा! चोराला आधी सांगून ठेवा, मग चोरी पकडा. बरं, तीन डबे सीलबंद होते, तेच तपासा म्हटलं. तर नमुना अधिकाऱ्यानेच दुकानातून घ्यायचा, चार भाग करून, सील लावून. मग चला दुकानात! माणूस रजेवर. पुढच्या आठवड्यात गाडी नाही. त्यानंतर बिल कुठे आहे. बिल दिलंच नव्हतं, पैसे फोनवरून एका भलत्याच नावाच्या खात्यात गेले होते. डब्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक आम्हीच अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (FSSAI) संकेतस्थळावर टाकून पाहिला, तो फरसाणवाल्याचा निघाला. हे त्यांना दाखवलं तर उत्तर आलं, ‘लेखी द्या.’ लेखी दिलं. पोच मागितली तर शिक्का सापडेना. पोलिसांकडे गेलो तर म्हणे हा दिवाणी मामला. वजनमापवाल्यांनी सांगितलं की डब्यावर लिटर लिहिलंय, आमचं काम संपलं. पाच बायकांनी पाच दिवसांची मजुरी बुडवून हे ऐकायचं!

तेविसाव्या दिवशी तपासणी झाली. तोवर डबे गायब, फळीवर छोट्या बाटल्या, ‘केसांसाठी’ असं लेबल लावलेल्या. त्या अन्नात मोडत नाहीत म्हणून पाहणीही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराच्या बाबतीत निकाल दिला की शुद्ध खोबरेल छोट्या बाटलीत असलं तरी खाद्यतेलच, मात्र केशतेल म्हणून लेबल लावलं की गोष्ट वेगळी. लेबलाची ही पळवाट दुकानदाराला पाठ होती. खाण्याचं तेल घेताना ‘केसांसाठी’ किंवा ‘बाह्य वापरासाठी’ दिसलं तर बाटली परत ठेवा.

बिलावर बॅच क्रमांक लिहून घ्या. परवान्याचा क्रमांक दुकानात उभ्या उभ्याच फोनवर तपासा. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या उत्पादकाची नोंदणी. नाव जुळलं नाही तर पैसे देऊ नका. संशय असेल तर तपासणीची गोष्ट साक्षीदारासमोर आधी बोला, विकणाऱ्याचा चेहरा पाहा, आणि फोनवर तसा संदेशही पाठवून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली की क्रमांक तरी मिळतो.

आमचे तीन डबे अजून सीलबंद आहेत. निळं प्लास्टिकचं बूच, पॅकिंगची तारीख डब्यावर न छापता वेगळ्या पांढऱ्या चिकटपट्टीवर, आणि त्या पट्टीखाली नखाने खरवडलं की आधीची दुसरी तारीख. असा डबा कणकवलीपासून चिपळूणपर्यंत कुठेही समोर आला तर आधी ती पट्टी खरवडा.