इन्सुलिनची भिजवायची पिशवी: समुद्रावरच्या तीन दिवसांनंतर

मला टाइप १ डायबिटीस होऊन २२ वर्षं झाली. रोजची चार इंजेक्शनं आणि ती टोचायची दोन पेनं: एक जेवणाआधीच्या इन्सुलिनचं, दुसरं रात्रीच्या. पाण्याची मला लहानपणापासून ओढ, त्यामुळे समुद्रावर जायचं ठरलं की सगळ्यात आधी डोक्यात येतं ते हेच, की दिवसभर त्या उन्हात पेनं ठेवायची कुठे?

चार वर्षांपूर्वी मी फ्रीझरमधला जेल पॅक डब्यात घातला आणि पेन त्याला लागूनच ठेवलं. दुपारी काढलं तर नेहमी पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं औषध गढूळ, आत बारीक कण तरंगत होते. तिथल्या तिथे टाकून द्यायला हवं होतं. मला वाटलं, गोठलंय, वितळलं की होईल नीट. नाही होत. एकदा गोठलेलं इन्सुलिन कामातून जातं, मग ते दिसायला कितीही ठीक दिसो. त्या संध्याकाळी शुगर ३४०. ठरल्याप्रमाणे डोस घेतला, दोन तासांनी पाहिलं तर ३५२. घरी येऊन फ्रिजमधलं नवं पेन लावलं तेव्हा कुठे आकडा उतरायला लागला. तोवर माझ्या तोंडाला कोरड पडली होती आणि नवरा बॅग भरून हॉस्पिटलमध्ये जायच्या तयारीत बसला होता.

म्हणून यंदा ही भिजवायची पिशवी घेतली. बर्फ नाही, बॅटरी नाही. बाहेरचं कापड, आत एक शिवलेलं अस्तर आणि त्या अस्तराच्या कप्प्यांत पाणी शोषणारे बारीक दाणे. कोरडी असताना हातात धरली तर खिशात वाळू भरल्यासारखी लागते. दहा मिनिटं पाण्यात ठेवली की दाणे फुगून जेलीसारखे होतात आणि चपटी पिशवी उशीसारखी टम्म दिसायला लागते. वरचं पाणी पुसायचं, पेनं आत सरकवायची. पुढचं काम माठासारखं चालतं. पाणी हळूहळू उडत जातं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. यात पेन गोठणं शक्यच नाही, आणि माझ्यासाठी एवढ्या एका गोष्टीवर ती जेल पॅकपेक्षा कितीतरी सरस आहे.

पहिल्या फेरीत मात्र मी चूक केली. पिशवी ओली म्हणून बाकीचं सामान भिजू नये, तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारली. सोबत एक छोटा थर्मामीटर ठेवला होता, तो तीन तासांनी ३३ दाखवत होता. साहजिकच आहे, हवाच लागली नाही तर पाणी उडणार कसं? वापरात असलेलं माझं इन्सुलिन ३० अंशांच्या आत ठेवायचं असतं आणि २८ दिवसांत संपवायचं असतं. प्रत्येक इन्सुलिनचे हे आकडे वेगळे असतात, आपापल्या खोक्यातला कागद एकदा नीट वाचून ठेवा.

दुसऱ्या फेरीत पिशवी छत्रीच्या काडीला टांगली, सावलीत आणि वाऱ्यावर. बाहेर ३४, आत २८. दुपारी दोनला २८, चारलाही २८. मी दर अर्ध्या तासाला उठून बघत होते. पेन हाताला गार लागत नाही, त्यामुळे पहिल्यांदा वापरणाऱ्याला वाटेल की पिशवी काही करतच नाही. तिचं काम फ्रिजसारखं गार करायचं नाहीच. तेवढं गार लागतं ते न उघडलेल्या पेनांना, २ ते ८ अंश. सुट्टीसाठी जास्तीचा साठा न्यायचा असेल तर ही पिशवी त्यासाठी घेऊ नका.

आता एक खरी उणीव, जी सोबतच्या कागदावर कुठेही लिहिलेली नाही. समुद्रावरची हवा दमट, आणि दमट हवेत पाणी कमी उडतं. कोरड्या गावी हीच पिशवी याहून छान थंड राहील. दमट आणि वर वाराही पडलेला, अशा दिवशी तिच्यावर एकटीवर भरवसा टाकू नये. मी आता थर्मामीटरशिवाय ती नेत नाही. आणि गाडीत तर अजिबात ठेवून जायची नाही, बंद गाडी उन्हात बघता बघता भट्टी होते.

तिसऱ्या फेरीला पिशवी भिजवायचं काम भाच्याने हौसेने घेतलं आणि बादलीभर समुद्राचं पाणी आणलं. वीस मिनिटं झाली तरी दाणे जेमतेम फुगले. खाऱ्या पाण्यात ते नीट फुगतच नाहीत. प्यायच्या पाण्यात पुन्हा दोनदा खळबळून भिजवली तेव्हा काम झालं. घरूनच भिजवून न्या, हे त्यावर सगळ्यात सोपं.

पुढचा चेनचा खिसा ही मात्र सरळ सरळ फसवी सोय आहे. दिसायला ऐसपैस, म्हणून मी त्यात शुगर तपासायच्या स्ट्रिपची डबी आणि ग्लुकोजच्या गोळ्या ठेवल्या. तासाभरात खिसा आतून ओलसर. स्ट्रिपला दमटपणा चालत नाही, डबीचं झाकण घट्ट होतं म्हणून वाचल्या. गोळ्यांचा कागद भिजून त्या एकमेकींना चिकटल्या, आणि नेमक्या त्याच दिवशी मला त्यांची गरज पडली.

पाण्यात उतरताना शुगर ११८ होती. चाळीस मिनिटं लाटांमध्ये होते. हात थरथरायला लागले तेव्हा वाटलं, थंडी वाजतेय. पाण्यात शुगर फार उतरल्याचा घामही कळत नाही, कारण अंग ओलंच असतं. नवऱ्याने चेहरा पाहिला आणि मला बाहेर ओढलं. बोटं गोड्या पाण्याने धुतली, पुसली (बोटाला सनस्क्रीन किंवा काही गोड लागलेलं असलं तर आकडा चुकू शकतो), तपासलं तर ६४. चिकटलेल्या गोळ्या नखाने सोडवत चार खाल्ल्या, प्रत्येकी ४ ग्रॅमच्या. पंधरा मिनिटांनी ९२. त्या गोळ्या सोडवण्यात गेलेलं एक मिनिट मला फार लांब वाटलं. आता गोळ्या वेगळ्या कोरड्या डबीत असतात आणि ती डबी नवऱ्याच्या खिशात. तो पाण्याच्या कडेला, मी आत. पोहल्याचा परिणाम रात्रीपर्यंत राहतो, म्हणून झोपण्याआधी आणि पहाटे तीनला गजर लावून पुन्हा तपासते. उन्हाने तापलेल्या कातडीत इन्सुलिन लवकर शोषलं जातं, तेव्हा टोचण्याआधी थोडा वेळ सावलीत बसते. इंजेक्शन झालं की सुई लगेच काढते. ती पेनवरच राहिली तर गरम-गार होताना आत हवा शिरते आणि थेंब गळतात.

आणखी दोन तक्रारी. ओल्या कापडाला वाळू अशी चिकटते की पेनच्या टोपणात कण जातात, त्यामुळे पिशवी खाली टेकवायचीच नाही. आणि आतलं अस्तरही किंचित ओलं राहतं, माझ्या पेनवर मी शाईने लिहिलेली उघडल्याची तारीख पुसून गेली. आता तारीख चिकटपट्टीखाली लिहिते.

तरीही मी ही पिशवी पुन्हा घेईन, पेन वापरणाऱ्या कुणालाही घ्यायला सांगेन. तिन्ही फेऱ्यांनंतर एकदाही संध्याकाळी न उतरणारी शुगर पाहिली नाही. चार वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवली की मला हे फार मोठं वाटतं.

वाळायला मात्र ती खूप वेळ घेते. ओली कपाटात ठेवली तर बुरशी धरेल, म्हणून खिडकीत टांगली आहे. आज चौथा दिवस. कडेचे कप्पे पुन्हा वाळूसारखे खुळखुळायला लागलेत, मधला अजून मऊच आहे.