सुकामेव्याचा विलायती गुलाब घ्यावा की कनौजचं अत्तर?

गुलाब आणि बदाम एकत्र आले की इंदूरच्या नाकाला आधी थंडाई आठवते, परफ्यूम मागाहून. महागड्या विलायती सुगंधांत हल्ली गुलाब-मोगऱ्याच्या जोडीला कडू बदाम, पिस्ता, हेझलनट घालायची चाल आहे. लग्नाच्या खरेदीत अशी एखादी पाच आकडी बाटली घ्यावी की कनौजचं उत्तम गुलाब अत्तर, हा पेच पुष्कळांपुढे असतो. परदेशात हा मेळ नवलाचा वाटत असेल. आपण गुलकंद, पिस्त्याची बर्फी आणि सुकामेवा घातलेली इंदुरी शिकंजी यांवर वाढलेले. त्यामुळे बाटलीचा डौल कितीही असो, मांडवात एखादी मावशी "काय गं, मिठाईच्या दुकानातून आलीस का?" असं विचारणारच. ते हसून घेता येणार असेल, तरच पैसे काढा.

या बाटलीत प्रत्यक्ष बदाम-पिस्ते सहसा नसतात. कडू बदामाचा वास बेन्झाल्डिहाइड नावाच्या रसायनाचा; ते हलकं असल्यामुळे लवकर उडून जातं. भाजलेल्या दाण्यांचा खरपूस वास पायराझिन नावाच्या रेणूंचा, तो अगदी कणभर घातला तरी पुरतो. टोंका नावाच्या सुगंधी बियांतलं कूमरिन हे द्रव्य मात्र चिवट, तासन्‌तास अंगावर राहतं. टॉम फोर्ड या ब्रँडच्या 2018 च्या 'लॉस्ट चेरी' परफ्यूमची मांडणी पाहा: वर चेरी आणि कडू बदाम, मधे तुर्की गुलाब आणि मोगरा, तळाशी भाजलेला टोंका. म्हणजे काउंटरवरच्या कागदी पट्टीवर ज्या बदामावर तुम्ही भाळता, तो घरी पोचेपर्यंत ओसरलेला असतो. संध्याकाळी उरते ती व्हॅनिलाच्या जवळ जाणारी गोडी. गुलाब मधल्या मधे येऊन जातो. मला वाटतं, गुलाबासाठी म्हणून अशी बाटली घेणाऱ्याची इथेच निराशा होते. गोडीसाठी घेणारा खूश राहतो.

अत्तराचा हिशेब अगदी निराळा. हाथरस-अलीगढ भागातला दमास्क गुलाब तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर उकळायचा, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, न्यायची आणि तिथे आधीच ओतून ठेवलेल्या चंदनाच्या तेलात ती मुरू द्यायची, ही कनौजची रीत. कनौजच्या सुगंधाला भौगोलिक मानांकनही आहे. यात अल्कोहोल नाही, त्यामुळे पहिला भपकाराही नाही. मनगटावर लावलेला थेंब हळूहळू उमलतो आणि दरवळ जवळच्या माणसापुरताच राहतो. विलायती बाटली जो मऊपणा टोंकातून आणते, तो इथे चंदनाच्या दुधाळपणातून येतो, आणि गुलाब शेवटपर्यंत गुलाबच राहतो.

पण इथे फसगत सोपी आहे. एक किलो शुद्ध गुलाबतेलाला साधारण साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात. तेव्हा कुणी दोन-तीनशे रुपयांत कुपीभर 'रूह गुलाब', म्हणजे शुद्ध गुलाबतेल, देत असेल, तर समजून घ्या. चंदन महागल्यापासून कित्येक अत्तरांचा आधार लिक्विड पॅराफिन असतो. दुकानदाराला सरळ विचारा, "बेस कशाचा?" उत्तर द्यायला तो कुरकुरला तर दुसरं दुकान गाठा.

हवामान इथे निम्मा निर्णय करून टाकतं. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की सुकामेव्याचा गोड सुगंध अंगावर जड होतो; बंद एसी हॉलमध्ये तर शेजारच्याचं डोकं उठवतो. तेव्हा अत्तराचा फायाच बरा. गणपतीच्या आरतीलाही तोच शोभतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, लग्नाच्या रिसेप्शनला, थंडीत शाल पांघरून निघताना मात्र बदामी गुलाबासारखी चैन नाही. फक्त तिथून सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जायचा बेत असेल तर ती फवारणी वाया गेली म्हणून समजा. जिलेबीच्या कढया आणि रबडीपुढे कुठल्याच टोंकाची डाळ शिजत नाही.

दोन्ही नको, नुसता ताजा गुलाब हवा, असं म्हणणाऱ्यांसाठी मेझॉं फ्रान्सिस कुर्कजिआं या फ्रेंच ब्रँडचं 'आ ला रोज' (2014) आहे: स्वच्छ, हलकं, दिवसा वापरण्याजोगं. किंमत ऐकून मात्र फुलं विकत घेणं परवडेल असं वाटेल.

पैठणी नेसणार असाल तर दोन्हींपासून रेशीम जपा. अत्तराच्या तेलाचा डाग पडतो, अल्कोहोलनं जरीची चमक जाऊ शकते. आधी अंगाला लावा, वाळू द्या, मग नेसा. सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर घटकांची यादी वाचल्याशिवाय काहीच लावू नका, कारण काही तेलकट रोल-ऑनमध्ये बदामाचं तेल असतं.

माझा कौल विचाराल तर वर्षभराच्या वापरासाठी चंदनाच्या आधारावरचं अत्तर, अगदी छोट्या कुपीत. विलायती बाटली थंडीतल्या चार लग्नांपुरती, तीही सर्वांत लहान मापाची. आणि घेण्याआधी मनगटावर फवारून दुकानातून सरळ बाहेर पडा, राजवाड्यापर्यंत फिरून या, जेवून घ्या, आणि तेव्हाही वास आवडला तरच परत जा.