काळ्या पाषाणाचे पाच दिवस

विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाचा ज्वालामुखी खडकांवरचा फिरता अभ्यासक्रम मी डिसेंबरात केला. पाच दिवस, फी साडेचार हजार, त्यात बस, राहणं आणि दोन वेळचं जेवण. मी अंबड तालुक्यात हायस्कूलला भूगोल शिकवते. चौदा वर्षं फळ्यावर ज्वालामुखी काढायचा म्हणजे टोकाला भोक असलेला डोंगर आणि वर धूर, हेच काढत आले. पोरं विचारायची, "बाई, मग आपला डोंगर कुठंय?" मला धड सांगता येत नव्हतं.

उत्तर पहिल्याच दिवशी कन्नडच्या घाटात मिळालं. तसा डोंगर नव्हताच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा वर आला, पसरला, थिजला, आणि मग त्यावर पुढचा थर. झिजून झिजूनही आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर उरलाय. सरांनी बस कडेला घेऊन आम्हाला समोरच्या डोंगराच्या पायऱ्या मोजायला लावल्या. घट्ट खडकाचा उभा कडा, त्याखाली सच्छिद्र खडकाचा उतार, परत कडा. लहानपणापासून बघितलेला डोंगर त्या दिवशी वाचता आला.

वेरूळला कैलास लेणं आधी वरून बघितलं, मग खाली उतरलो. वरून खाली एवढं कोरायचं तर कातळ किती अखंड पाहिजे, हे तिथं उभं राहिल्यावरच कळतं. अजिंठ्याला वाघूरच्या नालाकृती दरीत थर छान दिसतात, पण गर्दीत फार थांबता आलं नाही.

खरा दिवस तिसरा. घनसावंगीच्या बाजूला एका शेतात विहिरीचं काम चालू होतं, मालकाला सरांनी आधी विचारून ठेवलेलं. वर यारी, काठावर डबराचा ढीग, विहीर सहा परस, म्हणजे सहा माणसांच्या उंचीइतकी, खोल गेलेली. वरून खाली काळी माती, मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा सच्छिद्र खडक, आणि तळाला काळा पाषाण. सर म्हणाले, मांजऱ्या आणि पाषाण हे दोन वेगळे खडक समजू नका, हा लाव्हाचा एकच थर आहे. लाव्हा पातळ असताना वायूचे बुडबुडे वर चढले आणि वरचा भाग आधी थिजल्यामुळं तिथंच अडकले. पोट सावकाश निवलं, म्हणून घट्ट. बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढं पाण्यातून आलेल्या खनिजांनी भरल्या.

डबरातला एक तुकडा मी उचलला. जांभळट करडा, अंगभर हरभऱ्याएवढे पांढरे ठिपके. एक ठिपका फुटलेला होता, त्यात कडेला पातळ हिरवं अस्तर आणि आत बारीक चमकते स्फटिक. सरांनी चाकू आणि सौम्य आम्लाची बाटली हातात दिली. एका ठिपक्यावर थेंब टाकला तर फसफसला, तो कॅल्साइट. शेजारचा तितकाच पांढरा, पण गप्प राहिला, चाकूनं मात्र ओरखडला. तो झिओलाइट. तिसऱ्यावर चाकू नुसता घसरला, ती गारगोटी. एवढ्याशा दगडात तीन खनिजं!

विहीर खणणारे एक म्हातारे बाबा आमचं बोलणं ऐकत होते. म्हणाले, "बाई, मांजऱ्या झिजलेला आसला की पाझर धरतो. पाषाण लागला की फट घावली तरच पाणी." सरांनी वही काढून ते शब्द लिहून घेतले आणि म्हणाले, भूजलाच्या पुस्तकात हेच आहे. माझ्या वडलांनी दोन बोअर घेतले, दोन्ही चारशे फूट, दोन्हींतून नुसती धूळ. घरी आम्ही नशिबाला बोल लावत आलो. फट नसलेल्या पाषाणात भोक पडलं होतं, हे मला त्या काठावर उमगलं.

रात्रीच्या व्याख्यानांतलं किल्लारीचं विसरणार नाही. 1993 च्या भूकंपानंतर तिथं खोल भोक घेतलं, तेव्हा 338 मीटरवर आपला काळा दगड संपला आणि पुढं त्याहून कितीतरी जुना खडक लागला. सह्याद्रीकडं हीच थरांची रास कितीतरी जाड आहे.

आता तक्रारी. लोणारला जेमतेम चाळीस मिनिटं दिली. ते ज्वालामुखीचं तोंड नाही, उल्का आदळून बेसाल्टात, म्हणजे आपल्या याच काळ्या दगडात, पडलेला सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे, आणि काठावरचे थर धक्क्यानं बाहेरच्या बाजूला कलले आहेत. हा फरक शिकवायला तिथं अख्खा दिवस पाहिजे. आम्ही काठावरूनच परत फिरलो. दुसरं, पुस्तिका सगळी इंग्रजीत. मांजऱ्या, मुरूम, पाषाण हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत त्यांच्या पोरांना ती मराठीत मिळालीच पाहिजे. तसं मी अभिप्रायात लिहून दिलंय.

तरी पैसे पुरेपूर वसूल. भूगोलाच्या शिक्षकांनी तर जाच. पायात जाड तळव्याचे बूट घाला, जुना चाकू आणि भिंग घ्या. आणि नोंदणी करताना विहिरीचा दिवस ठेवलाय का, हे आधी फोन करून विचारा. चालू काम दर वर्षी मिळेलच असं नाही, असं सर म्हणाले होते.