आठ महिने व्हॉइस रेकॉर्डर वापरून: ट्रिनिटीच्या तोंडी परीक्षेची तयारी

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नागपूरच्या बर्डीवरून घेतला, आता डिसेंबर सुरू आहे. खिशात मावेल एवढा व्हॉइस रेकॉर्डर, दोन बारीक सेलवर चालणारा, ८ जीबी मेमरीचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारी आहेत आणि या किमतीतले सगळेच रेकॉर्डर साधारण सारखेच निघतात. चार हजारांच्या आत मिळाला.

आधी वापर कशासाठी ते सांगते, नाहीतर गाणी रेकॉर्ड करणारे वाचत बसतील. मी प्रतापनगरात घरी क्लास घेते. चौदा मुलं, त्यातली नऊ यंदा ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या स्पोकन इंग्लिशच्या ग्रेड परीक्षेला बसली. ही परीक्षा पूर्ण तोंडी. समोर एक परीक्षक, एक मूल, मध्ये टेबल. एकूण १२ ग्रेड: १ ते ३ इनिशियल, ४ ते ६ एलिमेंटरी, ७ ते ९ इंटरमीजिएट, १० ते १२ ॲडव्हान्स्ड. पहिली ग्रेड ५ मिनिटांत संपते, तिसरी ७ मिनिटांत. चार ते सहासाठी १० मिनिटं, सात ते नऊसाठी १५, आणि वरच्या तिन्हींना २५. निकाल ए, बी, सी, डी असा लागतो. डी म्हणजे नापास.

पालक पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, पुस्तक कोणतं?" इथेच घोटाळा होतो. पहिल्या तीन ग्रेडमध्ये नुसत्या गप्पा असतात. पहिलीत तर रंग, प्राणी, कपडे, शरीराचे अवयव आणि वीसपर्यंतचे आकडे. चौथ्या ग्रेडपासून मुलाने स्वतःचा विषय निवडून न्यायचा, त्याचे मुद्दे एका फॉर्मवर लिहून द्यायचे आणि परीक्षक त्यावर बोलणार. शिवाय प्रत्येक ग्रेडला ठरलेल्या विषयांतून वेगळं संभाषण होतं. पाचव्या ग्रेडला सण, वाहतूक, करमणूक, संगीत वगैरे. घरात विषय पाठ करून घेतला की परीक्षक दुसऱ्या मिनिटाला भलतंच काहीतरी विचारतो आणि मूल गप्प. परदेशी जाण्यासाठी आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा देणारे ताई-दादाही मधूनमधून येतात माझ्याकडे. त्यांचं उलट आहे, त्यांना विषय आधी माहीतच नसतो. त्यामुळे ते बिचारे निदान पाठ करून येत नाहीत.

फोन असताना हे खेळणं कशाला, असं आमच्या घरातही विचारलं गेलं. मी वर्षभर फोनवरच रेकॉर्ड करत होते. मॉक, म्हणजे सराव परीक्षा, सुरू असताना गॅस एजन्सीचा फोन आला, तो एक प्रसंग. दुसरं म्हणजे टेबलावर फोन दिसला की मुलाची नजर त्यावरून हटत नाही. आणि तिसरं, जे मला जास्त खटकलं: क्लास संपला की आई म्हणते, "मला पाठवा ना ते, आत्याला ऐकवते." मग ती फाईल चार ग्रुपवर फिरते आणि पुढच्या वेळी मूल तोंड उघडत नाही. रेकॉर्डरमधून काही पाठवायचं तर कॉम्प्युटर लावावा लागतो. एवढ्या त्रासानेच निम्म्या मागण्या थांबल्या. रेकॉर्डिंगची परवानगी मी पालकांकडून लिहून घेते आणि निकाल लागला की फाईल पुसते.

आता मुख्य गोष्ट. यात एक सोय आहे, आवाज आला की आपोआप रेकॉर्डिंग सुरू, आवाज थांबला की बंद. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं, सेल वाचतो, मेमरी वाचते. मी भाबडेपणाने पहिल्याच दिवशी ती सुरू केली. दोन आठवडे संध्याकाळी फाईली ऐकल्या आणि मनात म्हटलं, अरे वा, पोरं बोलायला लागली की! कुणी अडखळत नव्हतं. प्रश्न संपला की लगेच उत्तर. मग एकदा १० मिनिटांच्या मॉकची फाईल ६ मिनिटांचीच का, म्हणून पाहिलं. चार मिनिटं यंत्राने गिळली होती. मुलं विचार करत होती, शब्द शोधत होती, छताकडे बघत होती, ते सगळं कापून फेकलेलं. माझ्या कामाचं तेच होतं.

तुम्ही शिकवण्यासाठी रेकॉर्डर घेणार असाल तर ही सोय आधी बंद करा. मॅन्युअलमध्ये हे कुणी लिहिणार नाही.

ती बंद केल्यावर दुसरं सत्य बाहेर आलं आणि ते माझ्याबद्दल होतं. एका मॉकमध्ये घड्याळ लावून मोजलं: दहा मिनिटांत मी बोलले सहा मिनिटं. मूल अडलं की दोन सेकंदांत मीच वाक्य पुरं करून देत होते. आमच्या शाळेत बाई "भारताची राजधानी दि..." म्हणून थांबायच्या आणि आम्ही सगळे "ल्ली" म्हणायचो, त्यातलाच प्रकार. बावीस वर्षं शिकवते आहे, आणि हे मला यंत्राने सांगावं! तीन दिवस रागावून रेकॉर्डर कपाटात ठेवला होता, हेही लिहून टाकते.

सातवीतला एक मुलगा आहे, पाचव्या ग्रेडचा. त्याच्या आजोबांची काटोलकडे संत्र्याची बाग. विषय तोच घेतला. मुद्दे वडिलांनी लिहून दिलेले: नागपूरला ऑरेंज सिटी म्हणतात, संत्र्यात व्हिटॅमिन सी असतं. दोन मिनिटं दहा सेकंद पोरगा श्वास न घेता बोलला, फाईलमध्ये होतं. परीक्षकाला यातून काय कळणार? गुगलला येतं ते सगळं.

दुसऱ्या फाईलमध्ये मी विचारलं होतं, डिसेंबरात आजोबा बागेत काय करतात. तो म्हणाला, "ही डझन्ट गिव्ह वॉटर." मी म्हटलं, "व्हाय?" आणि जीभ दाताखाली धरून बसले. अकरा सेकंद शांतता. बाहेर भंगारवाल्याची हाळी ऐकू आली, मग त्याचा आवाज: "मॅम, ताण देणे याला काय म्हणतात?" मी सांगितलं नाही. पुन्हा चार सेकंद. मग, "ही कीप्स द ट्री थर्स्टी. इफ द ट्री इज थर्स्टी, देन फ्लॉवर्स कम." हा आंबिया बहार. हिवाळ्यात पाणी तोडायचं, जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात, तोड पुढच्या नोव्हेंबरच्या आसपास. मृग बहाराची फुलं जून-जुलैत आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. हे सगळं त्याला मराठीत नीट ठाऊक होतं, फॉर्मवर मात्र त्यातलं एक अक्षर नव्हतं. वर गंमत बघा, पाचव्या ग्रेडला हे 'इफ'वालं वाक्य मागितलेलंच नाही, ते सहाव्यात येतं. वॉटर स्ट्रेस हा शब्द मी नंतर दिला, पण त्याने वापरला नाही. 'थर्स्टी'च ठेवला. मला तोच आवडतो.

तो फॉर्म आम्ही नव्याने लिहिला. वडील थोडे नाराज झाले, पण आजोबा खूश.

सातव्या ग्रेडपासून इंटरॲक्टिव्ह टास्क येतो. त्यात परीक्षक एक अडचण किंवा मत सांगतो आणि थांबतो. पुढे गाडी मुलाने हाकायची, प्रश्न विचारायचे, सुचवायचं, पुन्हा विचारायचं. याला सगळ्यात जास्त कोण अडकतं? वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं घेतलेली मुलं. नववीतली एक मुलगी, घरी ढालींचं कपाट भरलेलं. मी म्हटलं, शेजारचे काका इथलं घर विकून मुलाकडे पुण्याला जायचं म्हणतात, पण त्यांचं मन होत नाहीये. बस, एवढंच. तिने सव्वा मिनिट वृद्धांच्या समस्यांवर भाषण ठोकलं. आवाज खणखणीत, हात योग्य जागी. काकांना मुलगा कधीपासून बोलावतोय, घर किती जुनं आहे, काकू काय म्हणतात, एकही प्रश्न नाही. मी फाईल तिलाच ऐकवली आणि समोर चिंचोक्यांची वाटी ठेवली, आपण विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला एक चिंचोका बाहेर काढायचा. वाटी भरलेलीच राहिली. ती म्हणाली, "मॅम, मी तर त्यांचं ऐकूनच नाही राहिली." ऑक्टोबरात सात चिंचोके बाहेर आले होते, त्यातले दोन जबरदस्तीचे.

तिच्या त्या 'ऐकून नाही राहिली'वरून आठवलं. आमच्याकडच्या मुलांचं इंग्रजी ऐकताना एक गोष्ट रेकॉर्डिंगमध्ये फार ठळक कळते. "आय ॲम नॉट नोइंग", "शी इज हॅविंग टू ब्रदर्स", "आय ॲम लाइकिंग दिस". पुस्तकं म्हणतात चूक, विसरा. पण नागपुरात आपण येऊन राहिलो, जाऊन राहिलो, समजून नाही राहिलं असंच बोलतो ना! माझा अंदाज, ते 'राहिलो' इंग्रजीत शिरतं. मी आता चूक सांगत बसत नाही. मुलाला त्याची फाईल ऐकवते आणि म्हणते, यातले 'राहिलो' शोध. ते हसतात आणि सापडतातही. दुसरं 'पासून'. "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" हे दर दुसऱ्या मुलाचं वाक्य, कारण मराठीत पाच वर्षांपासून आणि २०१९ पासून दोन्हीला एकच 'पासून'. इंग्रजीत एकाला 'फॉर', दुसऱ्याला 'सिन्स', आणि पाचव्या ग्रेडच्या व्याकरणात नेमकं हेच आहे.

उच्चारांसाठी मात्र रेकॉर्डरचा अपेक्षेपेक्षा कमी उपयोग झाला. परीक्षेत इंग्रजांसारखं बोलायचं नसतं, समजेल असं बोलायचं असतं. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हीचा 'व' होतो, एवढं ऐकून कळतं. पण ओठ कुठे ठेवायचे ते आरसाच दाखवतो. दहा रुपयांचा आरसा इथे जिंकला.

आता तक्रारी. एप्रिल-मेमध्ये नागपुरात कूलरशिवाय क्लास घेणं म्हणजे मुलांचा छळ. कूलर चालू असला की रेकॉर्डिंगमध्ये फक्त कूलर. यात खालचा घुमणारा आवाज कापणारी लो कट नावाची सोय आहे. तिने पंख्याची घरघर कमी होते, खसच्या ताट्यांवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज मात्र तसाच राहतो. शेवटी मॉकची दहा मिनिटं कूलर बंद, मग पुन्हा चालू, असं केलं. परीक्षकासमोर घाम फुटायची सवय आधीच झाली, असं पोरंच म्हणाली. रेकॉर्डर टेबलावर उघडा ठेवला तर पेन ठेवल्याचा आवाजही गोळीसारखा येतो. खाली घडी घातलेला रुमाल ठेवा.

सेल बदलले की तारीख-वेळ शून्यावर जाते. त्यामुळे माझ्याकडे सत्तावीस फाईली एकाच दिवसाच्या दिसत होत्या. आता रेकॉर्डिंग सुरू करताना मीच तोंडाने तारीख आणि मुलाचं नाव सांगते. सेलचं झाकण सप्टेंबरात तुटलं. सर्व्हिस सेंटरला नेला तर तिथल्या मुलाने वळूनही न पाहता सांगितलं, "पार्ट येत नाही, नवीन घ्या." तेव्हापासून रबरबँड लावून चालू आहे. सोबत आलेली वायर दोन महिन्यांत गेली. स्पीकर अगदीच किरकिरा, मुलाला ऐकवायचं तर इअरफोन लावा किंवा बाहेरचा स्पीकर जोडा.

आवाजाची प्रत कोणती ठेवावी? दुकानदार वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी फाईल) घ्या म्हणाला. ते मिनिटाला १० एमबी खातं आणि गायला बसायचं असेल तर ठीक. बोलण्यासाठी १२८ केबीपीएसचं एमपी थ्री पुरतं, मिनिटाला साधारण १ एमबी. आठ महिन्यांत मेमरी कधी भरली नाही.

निकाल विचारणारे विचारतीलच. नऊपैकी कुणालाही डी नाही. संत्र्यावाल्याला बी मिळाला. बाहेर आल्यावर म्हणाला, परीक्षक बाईंनी संत्र्यावर कमी आणि मारबतीवर (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवून जाळायचा पुतळा) जास्त विचारलं; पाचव्या ग्रेडच्या यादीत सण आहेत त्यात ते निघालं. पिवळी मारबत, काळी मारबत, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" हे इंग्रजीत कसं सांगितलंस विचारलं तर म्हणाला, "सांगितलं नाही मॅम, आधी त्यांनाच विचारलं, तुमच्या गावाला असं काही जाळतात का." ती फाईल अर्थातच माझ्याकडे नाही.

घ्यायचा का? क्लास घेत असाल आणि स्वतःचा आवाज ऐकायची तयारी असेल तर घ्या. एकाच मुलासाठी घरी हवा असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाका, पालथा ठेवा, काम भागेल. मी पुढचा घेईन तो आत चार्ज होणारी बॅटरी असलेला आणि झाकण नसलेला.