जपानमध्ये हायस्कूल निवडताना: साधी फुत्सूका की इंग्रजीवाली कोकुसाईका?

तोक्योत, खास करून निशी-कासाईच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या मराठी घरांमध्ये मूल चुगाक्कोच्या, म्हणजे मिडल स्कूलच्या, दुसऱ्या वर्षाला गेलं की एकच विषय सुरू होतो, पुढे हायस्कूल कुठलं. इथे सक्तीचं शिक्षण नऊ वर्षांचं, त्यामुळे तोवर घराजवळची शाळा, फार डोकं लावावं लागत नाही, पण हायस्कूलला परीक्षा देऊन जायचं असतं आणि निवड पहिल्यांदा आपल्या हातात येते. भारतीय शाळांचा पर्याय आहे, पण त्या वाटेची मला आतून माहिती नाही, म्हणून तो बाजूला ठेवते. ज्यांनी जपानी शाळेतच पुढे जायचं ठरवलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझी मोठी मुलगी सरकारी हायस्कूलच्या फुत्सूकामधून, म्हणजे साध्या सर्वसाधारण कोर्समधून बाहेर पडली, धाकटा कोकुसाईकात आहे, म्हणजे जिथे इंग्रजी आणि आंतरराष्ट्रीय विषयांवर भर असतो तिथे.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपण सगळे इंग्रजीवरून शाळा ठरवायला बघतो, आणि माझ्या मते तेच शेवटी बघायचं. आधी बघा मुलाचं जपानी कुठवर आलंय, आणि वर्गाच्या कार्यक्रमांत, बुंकासाईत (सांस्कृतिक महोत्सव), ताइइकुसाईत (क्रीडा महोत्सव) ते आपणहून घुसेल का. कारण तीन वर्षांत मूल शाळेत खऱ्या अर्थाने रुळतं ते तिथे.

आता इंग्रजी. फुत्सूकामध्ये २०२२ पासूनच्या अभ्यासक्रमानुसार दोन विषय असतात, इंग्लिश कम्युनिकेशन आणि दुसरा लॉजिक अँड एक्स्प्रेशन, दोन्हींचे तीन-तीन टप्पे. यातला इंग्लिश कम्युनिकेशनचा पहिला टप्पा सगळ्यांना सक्तीचा, बाकीचे शाळा ठरवते. सगळे टप्पे घेतले तर तीन वर्षांत १७ क्रेडिट होतात, एक क्रेडिट म्हणजे ५० मिनिटांचे ३५ तास. याउलट कोकुसाईका किंवा एइगोका (इंग्रजीचा खास कोर्स) अशा कोर्सला खास विषयांची किमान २५ क्रेडिट घ्यावीच लागतात, त्यात डिबेट-डिस्कशन, एसे रायटिंग असे विषय येतात जे साध्या शाळेत बहुतेक नसतातच. कागदावर फरक मोठा दिसतो आणि तो खराच आहे.

पण वर्गात काय चालतं ते बघा. नियमानुसार हायस्कूलमध्ये इंग्रजीचा तास इंग्रजीतूनच घ्यायचा, हे २०१३ पासून आहे, आणि बऱ्याच शिक्षिका मनापासून तसा प्रयत्न करतात, शिवाय परदेशी असिस्टंट टीचर येतात, त्यांना आणणारा सरकारी जेट प्रोग्रॅम १९८७ पासून चालू आहे. तरीसुद्धा दुसऱ्या वर्षानंतर सगळं विद्यापीठाच्या परीक्षेकडे वळतं. क्योत्सू टेस्टमध्ये, म्हणजे देशभरातल्या सामायिक विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत, इंग्रजीला रीडिंगचे १०० आणि लिसनिंगचे १००, बोलणं नाही, लिहिणं नाही. मग वर्गातही तेच, लांब उतारे, दर आठवड्याला शब्दांची छोटी टेस्ट, अधोरेखित वाक्याचं जपानीत भाषांतर करा, विस्कटलेले शब्द ओळीने लावा.

इथे आपल्या मुलांची एक अडचण होते जी आई-बाबांच्या लक्षात उशिरा येते. माझ्या मुलीला विस्कटलेलं वाक्य डोळे झाकून लावता यायचं, कानाला बरोबर वाटतं ते लिहिलं की झालं. पण पुढच्याच प्रश्नात which ने सुरू होणाऱ्या तुकड्याचं नीट जपानीत भाषांतर लिहायचं, आणि जपानीत वाक्याची रचना पूर्ण उलटी, शेवटून सुरुवात करून मागे यावं लागतं. तिथे तिचे मार्क जायचे. इंग्रजी कळलेलं असायचं, उत्तराचं जपानी कच्चं पडायचं. शिक्षिका वर्गात व्याकरण समजावतात तेही कान्केई-दाइमेइशी, कातेइहो अशा जपानी संज्ञांमधून. म्हणून "आमच्या मुलाला इंग्रजी येतंच, तो पेपर फुकटचा" असं धरून चालू नका.

दुसरी गोष्ट अजून नाजूक आहे. साध्या वर्गात चांगलं इंग्रजी बोलणारं मूल हळूहळू मुद्दाम काताकाना उच्चारात, म्हणजे जपानी वळणाच्या उच्चारात, वाचायला लागतं. सगळे "झा बुक्कु" म्हणत असताना आपण वेगळं म्हटलं की अख्खा वर्ग मागे वळून बघतो, त्यात कोणी वाईट हेतूने बघतं असं नाही, पण पंधराव्या वर्षी कोणालाच ते नको असतं. परदेशातून परत आलेली जपानी मुलंही हेच करतात. मुलगी घरी नीट बोलायची आणि शाळेत वेगळं वाचायची, हे मला शाळेत तास बघायला गेले तेव्हा कळलं आणि पोटात तुटलं. कोकुसाईकात हा प्रश्न नसतो, कारण तिथे अर्धा वर्ग कुठून कुठून आलेला, प्रत्येकाचा उच्चार वेगळा. धाकटा तिथे आरामात हात वर करतो. हा एक मुद्दा कोकुसाईकाच्या बाजूने मी खूप जड धरते.

मात्र कोकुसाईकात इंग्रजीची पातळी आपोआप वर जाते असंही नाही हां. डिबेटमध्ये बाजू मांडायची, स्रोत शोधायचे, दोन पानी निबंध लिहायचा, हे सगळं जो करतो त्याचं इंग्रजी सुधारतं. जो नुसता गप्पांपुरतं इंग्रजी वापरतो त्याचं तिथेच राहतं. आणि एइकेन ही इंग्रजीची परीक्षा तर दोन्हीकडची मुलं देतातच, दुसरी ग्रेड ही हायस्कूल संपतानाची पातळी मानतात, आपली बरीचशी मुलं ती आधीच पार करतात.

प्रवेश: मार्कांचं गणित

सरकारी तोरित्सु, म्हणजे तोक्यो महानगराच्या, शाळांची साधारण परीक्षा फेब्रुवारीत असते. पाच विषयांचा पेपर ७०० गुणांत मोजतात, शाळेच्या प्रगतीपुस्तकाचे म्हणजे नाइशिनचे ३००, आणि वर ईसॅट-जे नावाच्या इंग्रजी बोलण्याच्या टेस्टचे २०, एकूण १०२०. ही टेस्ट २०२२ पासून सुरू झाली, नोव्हेंबरच्या शेवटी असते, मुलं कानाला हेडफोन लावून टॅबलेटसमोर बोलतात. आपल्या मुलांना हे २० गुण तसे सोपे, पण १०२० मधले २० म्हणजे किती ते तुम्हीच बघा. खरा घोळ नाइशिनमध्ये होतो. तोक्योत संगीत, चित्रकला, पीई आणि गृहविज्ञान-तंत्रज्ञान या चार विषयांचे गुण दुप्पट धरतात. आपण घरी गणित-सायन्सच्या मागे लागतो आणि रिकॉर्डर वाजवण्याच्या टेस्टकडे "ठीके रे" म्हणून बघतो, तिथेच शाळा हातची जाऊ शकते. चुगाक्कोच्या पहिल्या वर्षापासून हे डोक्यात ठेवा.

कोकुसाईकासाठी तोक्योतली सगळ्यात माहितीतली शाळा म्हणजे कोमाबातली तोरित्सु कोकुसाई, १९८९ ची, तिथे २०१५ पासून आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) कोर्सही आहे. इंग्रजीचा पेपर ही शाळा स्वतः काढते आणि तो चांगलाच कठीण असतो. जपानमध्ये येऊन साधारण तीन वर्षं झालेली नाहीत अशा परदेशी मुलांसाठी तिथे आणि आणखी काही तोरित्सु शाळांत वेगळी प्रवेशपरीक्षा असते, निबंध आणि मुलाखत, जपानी किंवा इंग्रजीत. जी मुलं चुगाक्कोच्या मध्येच इथे आलीत त्यांच्यासाठी हा रस्ता खरंच मोलाचा आहे, सरळ पाच विषयांच्या जपानी पेपरला बसवून त्यांचा आत्मविश्वास घालवू नका. फीचं म्हणाल तर सरकारीत दोन्हीकडे सारखीच.

प्रवासाचाही विचार करा. निशी-कासाईहून कोमाबा म्हणजे तोझाई लाइन, कुदानशिताला हानझोमोन, शिबुयाला इनोकाशिरा, एका बाजूला तासाभराच्या आसपास, आणि सकाळची तोझाई कशी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. बुकात्सु (शाळेनंतरचा क्लब) करून मूल घरी येतं तेव्हा आठ वाजलेले असतात.

आणि आता बुंकासाई, ताइइकुसाई वगैरे

यावर मी मुद्दाम जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे गॅदरिंग म्हणजे अभ्यासातून सुट्टी अशीच सवय असते. जपानमध्ये शाळेचे कार्यक्रम राष्ट्रीय अभ्यासक्रमाचाच भाग आहेत, तोक्कात्सु म्हणतात त्याला, समारंभ, सांस्कृतिक, खेळ-आरोग्य, सहल आणि सेवा असे पाच प्रकार त्यात लिहिलेले आहेत. आणि हायस्कूलला आलं की शिक्षक मागे सरतात, मुलंच सगळं चालवतात.

फुत्सूकामध्ये वर्ग साधारण ४० चा, आणि तो वर्ग एकत्र काहीतरी उभं करतो. कोणी भुताचं घर, कोणी याकिसोबा, आणि काही शाळांमध्ये वर्गाचं नाटक ही फार मोठी परंपरा आहे. हिबिया आणि कुनिताची या दोन तोरित्सु शाळांची वर्गनाटकं प्रसिद्ध आहेत, कुनिताचीला तिसऱ्या वर्षाचे सगळे वर्ग नाटक करतात, तेही विद्यापीठाची परीक्षा तोंडावर असताना. माझ्या मुलीच्या शाळेतही नाटक होतं आणि तिच्या वाट्याला ओदोगु आलं, म्हणजे सेट. अख्खी उन्हाळ्याची सुट्टी पुठ्ठे, लाकडी पट्ट्या, रंग. भिंतीचा रंग फिका ठेवायचा की गडद यावर वर्गाच्या लाइन अ‍ॅपवरच्या ग्रुपवर रात्री अकरापर्यंत वाद, आणि त्या वादात तिला भाग घ्यायचा तर भराभर वाचता यायला हवं, कोणाला सरळ बोलायचं, कोणाला जरा वळसा घालून, कुठल्या सेनपाईला (सीनियरला) कुठल्या क्रियापदाने विचारायचं, हे सगळं यायला हवं. एका मुलीने "छानच आहे, पण..." असं लिहिलं की ते नकार आहे हे तिला पहिल्या आठवड्यात कळलं नव्हतं, नंतर कळायला लागलं. त्या दोन महिन्यांत तिचं जपानी जेवढं वाढलं तेवढं ज्युकुच्या (खाजगी क्लासच्या) वर्षभरात वाढलं नसेल. आणि मैत्रिणी ज्या झाल्या त्या तेव्हाच्या.

ताइइकुसाईचंही तेच. रंगांचे गट, तिन्ही वर्षांची मुलं एका गटात, रिले, रस्सीखेच, मोठ्या दोरीच्या उड्या, आणि ओएनदानचा, म्हणजे घोषणा देणाऱ्या चीअर गटाचा, सराव. उन्हामुळे आता बऱ्याच शाळा तो मे-जूनमध्ये घेतात. म्हणजे एप्रिलला शाळेत आलेल्या मुलाला महिना-दीड महिन्यात मैदानावर उतरायचं असतं, आणि जे मूल तिथे बाजूला बसून राहिलं त्याला पुढे वर्गात मिसळायला जास्त वेळ लागतो.

कोकुसाईकात हे नसतं असं नाही, बुंकासाई तिथेही जोरदार होते, फक्त रंग वेगळा. स्पीच कॉन्टेस्ट, प्रेझेंटेशनचे दिवस, परदेशातल्या शाळेतून पाहुणी मुलं येणं, आणि सहल परदेशात जाण्याची शक्यता जास्त. साध्या शाळेची शुगाकु-र्योको बहुतेक क्योतो-नारा, हिरोशिमा नाहीतर ओकिनावा, तरी हल्ली तैवान, सिंगापूरही करतात. मुलाला साडीचोळी, भाकरी, गणपती याबद्दल बोलायला कोकुसाईकात जागा मिळते, माझ्या धाकट्याने वर्गाला वारीबद्दल स्लाइड्स दाखवल्या आणि मुलांनी भरपूर प्रश्न विचारले. पण मेहनतीच्या कामात, पाच-सहा जणांनी मिळून पुठ्ठा कापताना, तो मित्रांशी अर्धं इंग्रजीच बोलतो, आणि त्याचं जपानी बहिणीच्या त्या वयातल्या जपानीच्या मागे आहे हे मला दिसतं.

पुढच्या प्रवेशातही याचा उपयोग होतो. वासेदाचं इंटरनॅशनल लिबरल स्टडीज, सोफिया, आयसीयू अशा ठिकाणी इंग्रजी कामाला येतं. पण निबंध-मुलाखतीच्या सोगोगाता प्रवेशात "शाळेत तू काय केलंस" हा प्रश्न असतोच, आणि बुंकासाई कमिटीत बजेट सांभाळलेल्या मुलाला त्यावर बोलण्यासारखं खूप असतं.

तर मी काय सांगेन. मूल लहानपणी आलंय, शोगाक्कोपासून (प्राथमिक शाळेपासून) जपानी शाळेत आहे, मित्र जपानी आहेत, तर फुत्सूका. त्यातही जिथे कार्यक्रम दणक्यात होतात ती शाळा. इंग्रजी घरी सांभाळा, वाचन ठेवा, जमलं तर शाळेतला ईएसएस म्हणजे इंग्रजी बोलण्याचा क्लब बघा, आणि ओदाइबाजवळ आओमीला २०१८ पासून तोक्यो ग्लोबल गेटवे हे इंग्रजी बोलायच्या सरावाचं केंद्र आहे, शाळा तिथे मुलांना नेतातही. मूल बारा-तेराव्या वर्षी आलंय, वर्गात गप्प बसतं, तर कोकुसाईका किंवा परदेशी मुलांसाठी जागा असलेली शाळा, आणि जपानीसाठी वेगळी मेहनत आधीपासून धरा, कारण तिथे ती आपोआप होत नाही. आणि दोन-तीन वर्षांत भारतात परतायचं नक्की असेल तर माझ्या मते कोकुसाईकाच.

फुत्सूकाला आपलं मूल परकंच राहील अशी भीती असेल तर एवढं लक्षात घ्या, तोक्योतल्या एदोगावाच्या वॉर्ड असेंब्लीवर २०१९ मध्ये निवडून आलेले मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक पुढे २०२३ मध्ये इबाराकीच्या त्सुचिउरा फर्स्ट या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. दारं उघडतायत.

शाळा बघायला नुसत्या सेत्सुमेइकाईला, म्हणजे शाळेच्या माहिती सभेला, जाऊ नका, तिथे सगळं नीटनेटकंच दिसतं. सप्टेंबरच्या आसपास बुंकासाईला जा, मुलाला घेऊनच जा, बऱ्याच शाळा बाहेरच्यांना येऊ देतात, वेबसाइटवर आधी रजिस्ट्रेशन लागतं का तेवढं बघा. हॉलमधला शो सोडा, वर्गाच्या मागच्या दारापाशी उभे राहा, कोण काम करतंय, पहिल्या वर्षाची मुलं काय करतायत, कोणी परदेशी चेहऱ्याचं मूल असेल तर ते कुठे आहे, मधोमध की कोपऱ्यात. तुमच्या मुलाला तिथल्या दोन मुलांशी बोलायला लावा, तुम्ही मध्ये पडू नका. आणि शाळा कुठलीही निवडा, ईसॅट-जेचा अर्ज उन्हाळ्यातच भरायचा असतो, चुगाक्कोच्या वर्गशिक्षकांना जूनमध्येच विचारून ठेवा.