पुरानंतर काय कामाचं: ड्रोन, साधा सॅटेलाइट की रडार?

वाडीच्या बैठकीत परत तोच विषय, वर्गणी काढून ड्रोन घ्यायचा की फुकटातल्या सॅटेलाइट इमेजवर भागवायचं. मी म्हणतो आधी ठरवा, पाणी कुठवर चढलं ते बघायचंय की डोंगराला भेग पडलीय का ते.

फुकटातले म्हणजे युरोपचे सेंटिनल सॅटेलाइट. सेंटिनल-२ साध्या कॅमेऱ्यासारखा, पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे इमेजमधला एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा, दिसायला झकास, पण आपल्याकडं संकट येतं जुलैत आणि जुलैत वरनं कोकण म्हणजे नुसता पिंजलेला कापूस. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा त्या ढगांतनं काय दिसणार होतं? तो ऑक्टोबरात काढा, हिरव्या डोंगरावर दरडीचा तांबडा ओरखडा लगेच कळतो.

सेंटिनल-१ रडारवाला, त्याला ढगाचं नि रात्रीचं काय पडलेलं नाही. शांत पाण्यावर आपटलेली रडारची लहर पलीकडं उडून जाते, परत येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. पुराआधीची नि नंतरची इमेज शेजारी ठेवली की वाशिष्ठीकाठची बुडालेली शेतं बोट ठेवून दाखवता येतात. पण बाजारपेठेत उलटी गंमत, तिथं लहर पाण्यावरनं भिंतीवर आपटून परत फिरते त्यामुळं बुडालेली गल्ली काळी न दिसता उजळ दिसू शकते आणि नवखा माणूस म्हणतो इथं पाणी आलंच नाही. शिवाय एका सॅटेलाइटची फेरी १२ दिवसांची, आपला पूर दोन दिवसांत ओसरतो, फेरी हुकली की बसा. तेलाचा तवंगही काळा दिसतो, २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकून तेल सांडलं होतं तसल्या वेळी हे रडारच कामाचं, फक्त वारा पडला तरी समुद्र काळाच दिसतो हं.

घरामागची चार बोटं रुंद भेग मात्र १० मीटरच्या पिक्सेलात कुठली दिसायला! तिथं ड्रोनच, तोही पाऊस उघडल्यावर आणि डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवर ड्रोन उडवायला मोकळा झोन बघून. भेग काजूखाली शिरली तर ड्रोनही आंधळा, मग कोयता घ्या नि चढा.

मी तरी ड्रोन विकत घेणार नाही, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोराला उघडिपीत एक दिवस बोलवू, आणि रडारच्या इमेज कॉलेजातली एखादी पोरगी शिकली की झालं. विहिरीत केमिकल उतरलंय का ते यातलं कुणीच सांगत नाही, त्याला पाण्याची बाटली भरून लॅबलाच न्यायला लागते.